घरच्या घरी मोड कसे काढायचे आणि कसे खायचे

मूग भिजवा, फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी सोडा, झालं. मोड काढण्याची कृती बहुतेकांना एवढीच सांगितली जाते. मग नव्याने करणाऱ्याच्या हाती कधी आंबूस वासाचं बुळबुळीत गाठोडं येतं, तर कधी निम्मे दाणे मोड आलेले आणि निम्मे तसेच टणक. कृती सांगणारे किती वेळ भिजवायचं ते सांगतात, पण निथळायचं किती, थांबायचं कधी आणि खाताना काय जपायचं हे सांगायचं राहून जातं. मी अनेक वर्षं मोड काढतो आहे. सुरुवातीला जे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते सगळं इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. बी रुजायला ओल, हवा आणि ऊब लागते. जिवाणू आणि बुरशी यांनाही नेमकं हेच हवं असतं. म्हणून आपण मोड काढतो तेव्हा दोघांनाही एकाच वेळी सोय करून देत असतो. बीला भरपूर मिळावं आणि जिवाणूंना कमीत कमी मिळावं, एवढ्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे.

## १. मोड आल्याने दाण्यात काय बदलतं

सुक्या दाण्यात पुढच्या रोपाची शिदोरी भरलेली असते: पिष्ट, प्रथिनं, खनिजं. पाणी आत शिरलं की दाण्यातले एन्झाइम कामाला लागतात. पिष्टाची साखर होऊ लागते, म्हणून मोड आलेला मूग किंचित गोड लागतो. मोठी प्रथिनं तुटून लहान होतात. सुक्या दाण्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं, त्यामुळे ती खनिजं शरीराला पूर्ण मिळत नाहीत. मोड येताना हे आम्ल कमी होतं आणि लोह, जस्त अंगी लागायला सोपं जातं. कडधान्यांनी पोटात गॅस होतो तो रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांमुळे. त्याही बऱ्याच कमी होतात. ज्यांना कडधान्य पचत नाही, त्यांना मोड आलेलं पुष्कळदा चालतं ते यामुळे.

सर्वात ठळक बदल क जीवनसत्त्वाचा. सुक्या कडधान्यात ते नावापुरतं असतं आणि मोड येताना दाणा ते स्वतः तयार करतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, क जीवनसत्त्व अजून कुणी वेगळं काढलेलंही नसताना, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं होतं. क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही हा आजार सुक्या कडधान्याने टळत नाही, पण तेच भिजवून मोड आणलं तर टळतो. ताज्या भाज्या आणि फळं न पोचणाऱ्या सैन्यासाठी ही फार मोलाची माहिती होती.

आता आकडे पाहू, कारण मोडांबद्दल जे अवास्तव दावे केले जातात ते इथे गळून पडतात. सुक्या मुगात १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. लांब मोड आलेल्या मुगात १०० ग्रॅममागे फक्त ३ ग्रॅम, कारण त्यात ९० टक्के पाणीच असतं. दाण्यातली प्रथिनं कुठे जात नाहीत, आणि ती अनेक पटींनी वाढतही नाहीत. त्याच १०० ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व साधारण १३ मिलिग्रॅम मिळतं. संत्र्यात ते ५०च्या आसपास असतं. म्हणजे मोड हे चांगलं, स्वस्त, पचायला हलकं अन्न आहे, पण फळं आणि पालेभाज्या सोडून केवळ मोडांवर विसंबू नका. बी१२ जीवनसत्त्व तर मोडांत नसतंच. ज्यांच्या आहारात दूध, अंडी, मांस यांपैकी काहीच नाही, त्यांना त्याची सोय वेगळी करावी लागते.

आणखी एक. मोड जितका लांब तितका पौष्टिक, असं नाही. फायटिक आम्ल घटणं आणि दाणा मऊ पडणं हा फायदा अर्धा-पाऊण सेंटिमीटरच्या मोडातही बराच पदरात पडतो. त्यापुढे जिवाणूंना मिळणारा वेळ वाढत जातो. नव्याने करणाऱ्याने आखूड मोडांवरच समाधान मानावं, असं माझं ठाम मत आहे.

## २. बी कोणतं घ्यायचं आणि कोणतं टाळायचं

पहिल्यांदा करताना मूगच घ्या. तो लवकर रुजतो, वासावरून आणि रंगावरून त्याची तब्येत लगेच कळते आणि तो शिजायलाही सोपा. मूग जमला की मटकी, मग अख्खा मसूर आणि चवळी. हरभरा, कुळीथ आणि मेथी यांना वेळ जास्त लागतो, म्हणून ती नंतर. गव्हालाही छान मोड येतात.

बी अख्खंच हवं. डाळीला मोड येत नाहीत, कारण दाणा दुभंगताना अंकुराचा भाग निखळतो किंवा दुखावतो. भाजलेले, उकडलेले दाणे मेलेले असतात. फार जुन्या कडधान्यातले पुष्कळ दाणे रुजत नाहीत, आणि न रुजणारा ओला दाणा सडतो. शेजारच्या चांगल्या दाण्यांनाही तो बिघडवतो. पिशवी नवीन असेल तर आधी २० दाणे भिजवून ओल्या कापडात ठेवून बघा. १७-१८ रुजले तर माल चांगला. निम्मेच रुजले तर ते कडधान्य शिजवून संपवा, मोडांच्या फंदात पडू नका.

आता टाळायच्या गोष्टी. हा भाग घाईने वाचू नका.

पेरणीचं बियाणं. शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या बियांना पुष्कळदा बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. ते ओळखू यावं म्हणून बियांना गुलाबी, निळा, हिरवा असा रंग दिलेला असतो. अशी बी धुऊनही खाण्याजोगी होत नाही. मोडांसाठी खाण्याचं कडधान्य घ्या, किंवा मोड काढण्यासाठी म्हणून स्पष्ट लिहिलेलं बी घ्या.

राजमा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. थोडेसे कच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. नुसते मोड आणल्याने हे विष जात नाही. राजम्याला मोड काढलेच, तर जुनं पाणी टाकून नव्या पाण्यात किमान ३० मिनिटं खळखळ उकळणं भाग आहे. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या स्लो कुकरवर इथे भरवसा नको, कारण पाणी उकळीला पोचलं नाही तर हे विष टिकून राहतं.

सोयाबीन आणि वाल. दोन्हीही पूर्ण शिजवूनच खायचे. सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेने निकामी होतो. सुक्या वालात सायनाइड सोडणारे पदार्थ असतात.

ज्वारी. गव्हाला मोड येतात तसे ज्वारीलाही येतात, पण तिच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्यातून सायनाइड सुटतं. ज्वारीचे मोड कोशिंबिरीत घालू नका.

टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा. या कुळातल्या कोणत्याही बीचे कोंब खायचे नाहीत. त्यांत विषारी अल्कलॉइड असतात.

अळीव, सब्जा आणि जवस यांच्याभोवती भिजताच चिकट गर सुटतो. बरणीत घातले तर त्यांचा गोळा होतो आणि आतले दाणे गुदमरतात. त्यांना ओल्या कापडावर पातळ पसरून, वरून पाणी शिंपडून रुजवतात. ते काम सवयीने जमतं, पहिल्या फेरीत नको.

## ३. साहित्य

महागडं यंत्र नको. लागतं ते एवढंच:

- रुंद तोंडाची काचेची बरणी, किंवा बारीक भोकांची चाळणी
- बरणीच्या तोंडाला बांधायला मलमलचं किंवा जाळीचं स्वच्छ कापड आणि रबर
- चाळणी वापरणार असाल तर खाली ठेवायला ताट आणि वर झाकायला पातळ सुती कापड
- पिण्याचं पाणी, भिजवायलाही आणि विसळायलाही
- खडे, फुटके दाणे निवडायला ताट

बरणी वापरायच्या आधी साबणाने धुऊन, उकळत्या पाण्याने खंगाळून कोरडी करा. पाणी थंड काचेवर एकदम ओतू नका, बरणी तडकते. कापड प्रत्येक वेळी उकळून वाळवलेलं हवं. मोड बिघडतात तेव्हा दोष पुष्कळदा कापडात असतो: वरवर धुतलेलं, दमटच घडी घालून ठेवलेलं कापड. त्याला मागच्या फेरीचा वास येत असेल तर ते बाद समजा.

बरणी की कापडाची पुरचुंडी, हा प्रश्न नेहमी येतो. दोन्ही चालतं, पण सुरुवातीला मी बरणी किंवा चाळणीच सुचवेन. आत काय चाललंय ते दिसतं आणि दाण्यांना हात न लावता विसळता येतं. पुरचुंडीत मधल्या दाण्यांना हवा कमी मिळते, आणि आत काय झालंय ते सोडल्याशिवाय कळत नाही.

## ४. निवडणं, धुणं, भिजवणं

अर्धी वाटी मूग घ्या. कमी वाटले तरी तेवढेच. भिजून ते दुप्पट होतात, आखूड मोड आल्यावर तिपटीच्या आसपास जातात. भिजवण्याआधी सुके दाणे बरणीच्या जेमतेम पाचव्या भागात मावावेत.

फुटके, किडलेले, सुरकुतलेले दाणे आणि खडे काढून टाका. मग तीन-चार पाण्यांनी धुवा. वर तरंगणारे दाणे बहुधा पोकळ किंवा कीड लागलेले असतात, ते ओतून द्या. शेवटचं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे.

दाण्यांच्या तिप्पट-चौपट पाणी घालून भिजवा. साधारण वेळा अशा:

- मूग, अख्खा मसूर, मेथी: ८ तास
- मटकी, चवळी: ८ ते १० तास
- गहू: १० ते १२ तास
- हरभरा, कुळीथ: १२ तास

हवा गरम असेल तर कमीतली वेळ धरा आणि मध्ये एकदा पाणी बदला. थंडीत कोमट पाण्याने सुरुवात करा. दाणा भिजला की नाही हे घड्याळापेक्षा नखाने चांगलं कळतं. दाबल्यावर तो आतपर्यंत मऊ लागला आणि मधे पांढरा सुका ठिपका उरला नाही, म्हणजे झालं.

वर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त भिजत ठेवू नका. इथेच फार जण फसतात. जास्त भिजवलं तर मोड लवकर येतील असं वाटतं, पण पाण्याखाली बीला प्राणवायू मिळत नाही. ती गुदमरते, पाण्याला फेस येतो आणि आंबायला सुरुवात होते. फेसाळलेल्या पाण्याला उग्र वास येत असेल तर ते दाणे पुढे नेऊ नका.

भिजल्यावरही काही दाणे टणक आणि बारीकच राहतात. हे गणंग. मटकी आणि मुगात ते हमखास सापडतात. त्यांचं साल पाणी आत शिरू देत नाही. दिसतील तेवढे काढा, कारण ते शिजतही नाहीत आणि दाताखाली आले तर दात दुखावतो. भिजवलेलं पाणी ओतून द्या, स्वयंपाकात वापरू नका. गॅस करणाऱ्या साखरांचा काही भाग त्या पाण्यात उतरलेला असतो.

## ५. निथळणं, झाकणं, विसळणं

सगळं कसब या पायरीत आहे.

भिजलेले दाणे दोनदा विसळा. बरणीच्या तोंडाला कापड बांधा आणि बरणी तिरकी, तोंड खाली करून एखाद्या भांड्यात टेकवून ठेवा. उरलंसुरलं पाणी सतत बाहेर पडत राहिलं पाहिजे. दाणे तोंडाशी गच्च जमले तर हवा आत जात नाही, म्हणून बरणी गोल फिरवून दाणे काचेवर पसरू द्या. चाळणी असेल तर दाण्यांचा थर दोन सेंटिमीटरच्या आतच ठेवा.

थर पातळ का? रुजणारी बी श्वसन करते आणि त्यातून उष्णता सुटते. मोठ्या गाठोड्याच्या मध्यभागी हात घातला तर तो भाग चक्क गरम लागतो. त्या उबेत, त्या दमटपणात, हवा न लागता मधले दाणे आधी चिकट होतात. म्हणून एका वेळी किलोभर मोड काढण्यापेक्षा दोन दिवसांपुरते काढणं केव्हाही बरं.

पाणी निथळलं याची खूण अशी: मूठभर दाणे हातात घेतले तर हात ओलसर व्हावा, पण थेंब गळू नये. तळाशी चमचाभर पाणी साचलं असेल तर नासायला तेवढंही पुरतं.

पहिल्या दिवशी दर आठ ते बारा तासांनी विसळा. उकाडा असेल तर दिवसात तीन वेळा. विसळणं म्हणजे नुसतं शिंपडणं नव्हे. बरणी पाण्याने भरायची, हलक्या हाताने फिरवायची, पाणी पूर्ण ओतायचं आणि पुन्हा तसंच निथळत ठेवायचं. त्याने दाणे थंड होतात, त्यांतून सुटलेला चिकटपणा वाहून जातो आणि नवी ओल मिळते. पुरचुंडी बांधून रात्रभर विसरून जाण्याची पद्धत आखूड मोडांना एखाद वेळी चालते. गरम हवेत तिच्यावर विसंबू नका.

जागा सावलीची आणि हवेशीर हवी. २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान सर्वात चांगलं. त्याखाली मोड हळू येतात एवढंच. ३५च्या वर गेलं की दाण्यांपेक्षा जिवाणूंचं फावतं. थंडीत बरणी जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, तोंड मात्र मोकळं ठेवा. उन्हात ठेवू नका, दाणे सुकतात आणि तापतात. आखूड मोडांसाठी काळोखाचा अट्टहास नको. लांब, पांढरे, कोवळे मोड हवे असतील तेव्हा मात्र अंधार लागतो, उजेडात ते हिरवे होतात आणि चव किंचित कडवट होते.

बंद डब्यात झाकण लावून ठेवणं ही आणखी एक सर्रास होणारी गोष्ट. हवा कोंडली की काही तासांत वास बदलतो. मोडांसाठी म्हणून भोकांचा डबा घेतला असेल तर भोकं बुजलेली नाहीत हे दर वेळी बघा आणि कोपरे ब्रशने घासा.

## ६. कधी थांबायचं

निथळत ठेवल्यापासून मूग आणि मटकीला उबदार हवेत १२ ते २४ तासांत मोड दिसतात. मसूर, चवळी, हरभरा आणि गहू २४ ते ३६ तास घेतात. मेथी आणि कुळीथ दोन दिवसांपर्यंत. आधी बाहेर पडतं ते मूळ असतं. ते दाण्याएवढं लांब झालं की काम संपलं. शेवटचं विसळा, नीट निथळू द्या आणि लगेच शिजवा किंवा थंड करा. ओट्यावर आणखी थोडे वाढू देत म्हणून ठेवलेले मोड पुष्कळदा त्याच रात्री बिघडतात.

## ७. बिघडलेले मोड कसे ओळखायचे

चांगल्या मोडांना कच्च्या शेंगेसारखा, ओल्या मातीच्या जवळ जाणारा ताजा वास येतो. आंबूस, कुबट किंवा सडका वास आला, दाणे बोटाला बुळबुळीत लागले, उचलताना तार सुटली, मोडांची टोकं तपकिरी किंवा काळी पडली, तर सगळं टाकून द्या. वरचे चांगले दिसतात म्हणून निवडून ठेवू नका. बिघाड दिसायच्या आधीच तो सगळीकडे पोचलेला असतो.

शिजवलं की चालेल, असंही समजू नका. उष्णतेने बहुतेक जिवाणू मरतात, पण त्यांतल्या काहींनी सोडलेली विषं उकळूनही टिकतात. वाढीची संधी मिळाल्यावर शिजवण्याने सगळं निस्तरता येत नाही.

एका बाबतीत मात्र उगाच घाबरायचं कारण नाही. गहू, मोहरी, मुळा यांच्या मुळांवर पांढरी मऊ लव येते. ते मुळांचे बारीक केस असतात, बुरशी नव्हे. पाणी घातलं की ती चपटी होऊन दिसेनाशी होते. बुरशीची जाळी दाण्यादाण्यांत पसरलेली, राखाडी किंवा काळपट असते, विसळूनही जात नाही, आणि तिला वास असतो.

## ८. शिजवूनच खा

मोड कच्चे खाल्ले तरच फायदा, असं अनेक जण आग्रहाने सांगतात. मी ते ऐकत नाही, आणि तुम्हीही ऐकू नये असं मला मनापासून वाटतं.

जिवाणू मुळात बीवरच असतात, सालीच्या बारीक भेगांत लपलेले. शेतात, वाहतुकीत, गोदामात ते तिथे पोचतात आणि कोरड्या दाण्यावर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. धुतल्याने ते पूर्ण निघत नाहीत. मोड काढताना त्यांची संख्या प्रचंड वाढते, आणि त्या मोडांना ना वास येतो ना चिकटपणा. घरी, स्वतःच्या हाताने, स्वच्छ भांड्यात काढलेल्या मोडांनाही हे लागू आहे.

१९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची मोठी साथ आली आणि हजारो मुलं आजारी पडली. तपासाचा संशय मुळ्याच्या कोवळ्या मोडांवर गेला. २०११ मध्ये उत्तर जर्मनीत ई. कोलाय ओ१०४च्या साथीत साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, ५०हून अधिक मेले, आणि माग काढत तपास मेथीच्या मोडांपर्यंत पोचला. साल्मोनेला आणि लिस्टेरिया हे जिवाणूही मोडांतून पसरलेले आहेत. अशा साथी रोज येत नाहीत. पण पाच-सात मिनिटांच्या वाफेने जो धोका टळतो, तो घ्यायचा कशासाठी?

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, उदाहरणार्थ कर्करोगाचे उपचार घेणारे किंवा अवयवरोपण झालेले, यांनी कच्चे मोड अजिबात खाऊ नयेत. ही माझ्या मताची बाब नाही, अन्नसुरक्षेची सर्वमान्य सूचना आहे.

शिजवायचं कसं? मूग आणि मटकी पातळ थरात पसरून, वाफ चांगली धरल्यानंतर ५ ते ७ मिनिटं वाफवा. प्रत्येक दाणा आतपर्यंत कडकडीत गरम झाला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधे ७५ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. नुसतं गरम पाणी ओतणं किंवा कढईत मिनिटभर हलवणं पुरेसं नाही. हरभरा, चवळी, कुळीथ यांना मऊ होईपर्यंत शिजवावं लागतं, मोडांमुळे तो वेळ बराच कमी होतो.

क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात उतरून कमी होतं, हे खरं. म्हणून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकण्यापेक्षा वाफवणं चांगलं. खायचा सोडा घालू नका, त्याने क आणि बी१ ही दोन्ही जीवनसत्त्वं जास्त नष्ट होतात. आच बंद केल्यावर वरून लिंबू पिळा. गेलेलं क जीवनसत्त्व त्याने भरून निघतं आणि मोडांमधलं लोह शोषायला मदत होते. चहा-कॉफी जेवणाला जोडून घेऊ नका, त्यांतले घटक हेच लोह अडवतात. तास-दीड तासाचं अंतर ठेवा. मोड शिजवल्याने जे थोडं जातं त्याहून जास्त या दोन सवयींनी मिळतं.

## ९. किती खायचे, कोणी जपून खायचे

आधी सवय नसेल तर वाफवलेले अर्धी वाटी मोड पुरे. साखरा कमी झालेल्या असल्या तरी संपत नाहीत, त्यात तंतू आहेतच. पोटाला आठवडाभर सवय होऊ द्या, मग वाटीभर खा. पाणीही जास्त प्या.

तान्ह्या आणि लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. शिजवून कुस्करून द्या.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मोडांचं प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यांत के जीवनसत्त्व असतं आणि औषधाचं गणित बिघडतं. मूत्रपिंडाच्या आजारात प्रथिनं किंवा पोटॅशियमवर बंधन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असणाऱ्यांनी अल्फाल्फाचे, म्हणजे लसूणघासाचे मोड टाळावेत. त्यांतल्या कॅनाव्हॅनिन या घटकामुळे हा आजार उसळू शकतो.

## १०. उरलेले कसे ठेवायचे

मोड फ्रिजमध्ये ठेवण्याआधी वरचं पाणी पूर्ण जाऊ द्या. शेवटच्या विसळण्यानंतर स्वच्छ कापडावर तासभर पसरून ठेवले की पुरतं. मग डब्यात तळाशी कोरडं कापड घालून, झाकण किंचित सैल ठेवून, ५ अंशांच्या खाली ठेवा. दाराच्या कप्प्यात नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. कच्च्या मांसापासून आणि न धुतलेल्या भाज्यांपासून लांब. दोन ते तीन दिवसांत शिजवून संपवा. थंडीत जिवाणूंची वाढ मंदावते, थांबत नाही. लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही वाढतो.

शिजवलेले मोड दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. कच्चे मोड जास्त झाले असतील तर ताजे असतानाच मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून काढा, थंड पाण्यात बुडवा, निथळवा आणि छोट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. वितळल्यावर त्यांचा करकरीतपणा जातो, पण शिजवायच्या पदार्थांत ते बिनतक्रार चालतात, आणि शिजवूनच वापरायचे असतात.

रोज ताजे हवे असतील तर दोन बरण्या आलटून पालटून वापरा. एकीतले मोड काढलेत की ती त्याच वेळी साबणाने आणि मग उकळत्या पाण्याने धुऊन पालथी घाला, आणि कापड उकळत टाका. ती पूर्ण कोरडी झाल्यावरच तिच्यात पुढचे मूग भिजवा. तोवर दुसरीतले तयार होत आलेले असतील.